बघण्याची डिस्क वेगळी, जपण्याची वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी सारी नोकरी ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य विभागात झाली. कॅसेट, सीडी, डीव्हीडी कशा खराब होतात आणि कशा टिकतात हे तिथे रोज पाहत आले. निवृत्तीनंतर नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरगुती व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरवून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘कोणती डिस्क आणू?’ मी उलट विचारते, ‘डिस्क बघायला हवी आहे की जपायला?’ समोरचा गोंधळतो, कारण ही दोन कामे वेगळी आहेत असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. घरातल्या मौल्यवान चित्रफितींचे सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजातून होताना मी पाहिले आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. आपण ते छापावे अशी कळकळीची विनंती.

बघण्याची डिस्क म्हणजे व्हिडिओ डीव्हीडी. टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घातली की ती चालू होते. तिचे नियम १९९० च्या दशकात ठरले आणि आजही तेच आहेत. चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले, म्हणजे थोडी माहिती गाळून लहान केलेले, असावे लागते. पाल या भारतातल्या टीव्हीच्या पद्धतीत ते ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका-जपानच्या एनटीएससीत ७२० गुणिले ४८० आणि सेकंदाला जवळपास ३०. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी खर्च होणारी माहिती, सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर चालत नाही. डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा ठरावीक फाइली असाव्या लागतात. मोबाइलमधली एमपी४ फाइल कोऱ्या डीव्हीडीवर नुसती ओढून टाकली तर डेटा डिस्क तयार होते. काही प्लेयर तीही दाखवतात, पुष्कळसे नाकारतात. मग माणूस डिस्कला नावे ठेवतो आणि दुसऱ्या कंपनीची डिस्क आणून तेच पुन्हा करतो.

जपण्याची डिस्क ही मात्र डेटा डिस्कच असायला हवी, आणि तिच्यावर कॅसेटमधून संगणकावर घेतलेली मूळ फाइल न दाबता, न कापता ठेवायला हवी. मिनीडीव्ही, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेटचे उदाहरण घ्या. तासाभराचे चित्रण जसेच्या तसे संगणकावर उतरवले तर सुमारे १३ जीबी होते. त्याचीच चांगल्या दर्जाची व्हिडिओ डीव्हीडी केली तर ते ४ जीबीच्या आत येते. मधली तफावत पुन्हा कुठून मिळवता येत नाही. पुढे कोणाला त्यातले दोन मिनिटांचे दृश्य काढून वेगळे संकलन करायचे असेल, आवाजातली खरखर कमी करायची असेल, रंग सुधारायचे असतील, तर दाबलेले चित्र उलगडून पुन्हा दाबावे लागते आणि प्रत्येक खेपेला ते आणखी बिघडते. फक्त व्हिडिओ डीव्हीडी ठेवून मूळ फाइल पुसणे म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स काढून पुस्तक रद्दीत घालण्यासारखे आहे.

हे प्रत्यक्ष घडते. माझ्या आत्याने तिच्या तीन कॅसेट एका व्यावसायिकाला दिल्या होत्या. त्यांत माझे आजोबा खुर्चीत बसून त्यांच्या लहानपणाबद्दल बोलत आहेत. त्यांचा आवाज असलेले आमच्याकडे दुसरे काहीही नाही. आत्याला एक सुबक डीव्हीडी मिळाली, वर छापील चित्र, आत मेनू. कॅसेटना बुरशी लागलेली होती, आता त्या ठेवून काय करायचे म्हणून तिने त्या टाकून दिल्या. डीव्हीडी माझ्याकडे आली तेव्हा पाहिले, तर तीन तास एकाच डिस्कमध्ये कोंबलेले. आजोबा हात हलवतात तेव्हा हाताच्या जागी चौकोन दिसतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या सपाट झालेल्या. मी त्या व्यावसायिकाकडे मूळ फाइल मागितली. ती काम झाल्यावर लगेच पुसली जाते, असे उत्तर मिळाले. त्या माणसाने मुद्दाम काही वाईट केले असे मी म्हणत नाही, त्याच्याकडे काम करण्याची तीच रीत होती. पण ही रीत बदलली पाहिजे, आणि ती ग्राहकाने मागितल्याशिवाय बदलणार नाही.

तीन तास कोंबले की काय होते याचा हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते, म्हणजे ४७० कोटी बाइट. (विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तीच जागा तिथे ४.३८ दिसते, डिस्कवाल्याने फसवले असा समज करून घेऊ नये.) बाइटला आठने गुणले की सुमारे ३,७६० कोटी बिट झाले. तासाचे ३,६०० सेकंद धरले तर सेकंदाला १०.४ मेगाबिट वाट्याला येतात, म्हणजे चित्राला मर्यादेइतके सहज देता येते. दोन तासांना ५.२ उरतात आणि तीन तासांना जेमतेम ३.५, त्यातूनच आवाजालाही द्यायचे. दुकानात मिळणाऱ्या चित्रपटांच्या डिस्क दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या असतात, शिवाय त्यांचे मूळ चित्र स्थिर आणि स्वच्छ असते. घरगुती चित्रण हातात धरलेल्या कॅमेऱ्याने केलेले असते, कमी उजेडात केलेले असते, त्यात दाणे असतात, चित्र सतत हलत असते. असे चित्र दाबायला अवघड आणि बिट खाणारे. म्हणून चित्रपट दोन तासांचा मावतो तर आपलेही मावेल, हा तर्क इथे लागू पडत नाही. माझा नियम एका डिस्कवर एक तास, फार तर दीड. तासाभराच्या डिस्कला मी चित्राचा बिटरेट सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास ठेवते. ९.८ पर्यंत ताणत नाही, कारण घरी लिहिलेल्या डिस्कवर इतक्या वेगाने माहिती आली की काही प्लेयर अडखळतात. ८ ला थांबले की आवाज धरून ३.७ जीबी होतात आणि डिस्कची बाहेरची कडही मोकळी राहते. लेखन आतून बाहेर होते, चुका सगळ्यात जास्त बाहेरच्या कडेला सापडतात. ती जागा मोकळी राहिलेली बरी.

आणखी एक गोष्ट, जी सॉफ्टवेअर क्वचितच समजावून सांगते. कॅसेटवरचे चित्र इंटरलेस्ड असते: प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेले, एका अर्ध्यात सम ओळी, दुसऱ्यात विषम. कोणते अर्धे आधी, हे ठरलेले असते आणि ते यंत्रागणिक बदलते. मिनीडीव्हीमध्ये खालचे अर्धे आधी येते, व्हीएचएस उतरवणाऱ्या बऱ्याच कॅप्चर कार्डांमध्ये वरचे. सॉफ्टवेअरने उलटा अंदाज केला तर टीव्हीवर धावणारे मूल पुढे-मागे झटके खात धावते. संगणकाच्या पडद्यावर हा दोष पुष्कळदा लक्षातच येत नाही. तेव्हा पहिली प्रत पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढावी, ती खऱ्या टीव्हीवर पाहावी, पसंत पडली तरच कायमच्या डिस्कवर लिहावे. आरडब्ल्यू डिस्कचा मला दिसलेला हाच एक सर्वोत्तम उपयोग. ती जपण्यासाठी वापरू नये, आणि तिचा पृष्ठभाग प्रकाश कमी परावर्तित करत असल्याने काही जुने प्लेयर ती वाचतही नाहीत, हे चाचणी घेताना ध्यानात ठेवावे.

आता ज्या प्रश्नाने लोक सुरुवात करतात त्याकडे येते. डीव्हीडी-आर घ्यावी की डीव्हीडी प्लस आर? डीव्हीडी-आर पायोनियरने १९९७ मध्ये आणली, तिच्यामागे डीव्हीडी फोरम ही कंपन्यांची संघटना होती. फिलिप्स, सोनी आदी कंपन्यांनी वेगळी आघाडी करून २००२ मध्ये डीव्हीडी प्लस आर काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही प्रकार लिहिणारे राइटर बाजारात आले आणि संगणकापुरता तो वाद मिटला. प्लेयर खूप जुना असेल तर डीव्हीडी-आर चालण्याची शक्यता अधिक. प्लस आर घेतली तर तिला एक सोय आहे: काही राइटर लिहिताना तिच्यावर ‘मी डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) आहे’ अशी नोंद करू शकतात, तिला बुक टाइप म्हणतात, आणि मग हट्टी प्लेयरही ती मुकाट्याने वाचतात. दोन्ही प्रकारांच्या चांगल्या डिस्क सारख्याच टिकतात. यावर ज्यांनी तासन्‌तास खर्च केले त्यांना माझे सांगणे, की तो वेळ डिस्क कोणी बनवली हे पाहण्यात घालवावा.

दोन थरांच्या कोऱ्या डिस्क मी घरगुती कामासाठी टाळते. पहिला थर संपून दुसरा सुरू होतो तिथे प्लेयर क्षणभर थबकतो, आणि सगळ्यात जास्त बिघडलेल्या डिस्क मला याच प्रकारात दिसल्या. एकाऐवजी दोन साध्या डिस्क केव्हाही बऱ्या. डीव्हीडी-रॅम हा प्रकार तंत्राच्या दृष्टीने उत्तम होता, पण ती वाचणारी यंत्रे इतकी थोडी की नातेवाइकांना वाटायला तिचा उपयोग नाही.

डिस्क कोणी बनवली याला एवढे महत्त्व का, तर एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीत आणि डीव्हीडीत माहिती धरून ठेवतो तो सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर. लेझर त्यावर खुणा उमटवतो. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांनी हे रंगद्रव्य बदलत जाते, आणि कोणते रंगद्रव्य, किती एकसारखे पसरलेले, कड किती घट्ट बंद केलेली, यावर डिस्क पाच वर्षे टिकणार की पंचवीस, हे ठरते. वेष्टनावरचे नाव आणि कारखाना एकच असतील असे नाही. डिस्कच्या आतल्या भागात निर्मात्याचा संकेत नोंदलेला असतो आणि इम्गबर्नसारखे मोफत सॉफ्टवेअर तो दाखवते. ‘एमसीसी’ म्हणजे मित्सुबिशी केमिकल, ‘टीवायजी’ म्हणजे तैयो युदेन. जपानच्या तैयो युदेनच्या डिस्क आमच्या विभागात आम्ही डोळे मिटून घेत असू. त्या कंपनीने २०१५ मध्ये हा धंदा बंद केला. व्हर्बेटिम हे नाव मित्सुबिशी केमिकलकडे होते, तेही २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकण्याचे जाहीर झाले. म्हणून ‘दहा वर्षांपूर्वी अमुक नावाच्या डिस्क चांगल्या निघाल्या होत्या’ एवढ्यावर आज विसंबता येत नाही. थोड्या डिस्क आणाव्यात, लिहून तपासाव्यात, मगच मोठा गठ्ठा घ्यावा.

तपासणे म्हणजे नुसती लावून बघणे नव्हे. प्रत्येक डिस्कवर थोड्या चुका असतातच, वाचणारे यंत्र त्या दुरुस्त करून घेते, त्यामुळे डिस्क आतून झिजत असतानाही पडद्यावर सगळे ठीक दिसते. निरो डिस्कस्पीडसारखी उपकरणे या चुका मोजून आलेख दाखवतात. डीव्हीडीच्या मानकानुसार दुरुस्तीच्या पहिल्या, आतल्या टप्प्यावर सापडणाऱ्या चुका माहितीच्या सलग आठ गटांत मिळून २८० च्या वर जाता कामा नयेत. लिहिल्याबरोबर काढलेला आलेख जपून ठेवावा आणि दर एक-दोन वर्षांनी नवा काढून शेजारी ठेवून पाहावा. चुका चढू लागल्या की डिस्क वाचता येते आहे तोवरच तिची नवी प्रत काढावी. प्रत्येक राइटर हे मोजमाप देत नाही, आणि दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतही नाहीत, म्हणून नेहमी एकाच यंत्रावर मोजावे.

जपण्यासाठी माझी पहिली पसंती आज ब्लू-रे आहे. साधी बीडी-आर २५ जीबीची असते, दोन थरांची ५०, आणि त्यापुढे १०० व १२८ जीबीच्याही येतात. तासाभराची मिनीडीव्ही फाइल डीव्हीडीवर मावत नाही, २५ जीबीच्या डिस्कवर मोकळेपणाने मावते, वर कॅसेटची माहिती आणि छायाचित्रे ठेवायला जागा उरते. बहुतेक बीडी-आर डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी असेंद्रिय थर असतो. अपवाद ‘एलटीएच’ असे लिहिलेल्या डिस्कचा, त्यांत सेंद्रिय रंगद्रव्य असते. वेष्टनावर ही तीन अक्षरे दिसली तर मी ती डिस्क जपण्यासाठी घेत नाही. एम-डिस्क नावाचा प्रकारही असेंद्रिय थराचाच. डीव्हीडी आकारातली एम-डिस्क लिहायला त्यासाठी बनवलेला राइटर लागतो, वाचायला मात्र साधा ड्राइव्ह पुरतो. हजार वर्षांचा दावा निर्मात्यांचा आहे, त्यावर मी विसंबत नाही. उष्णतेत आणि उजेडात ती रंगद्रव्याच्या डीव्हीडीपेक्षा चांगली तग धरते एवढे मला पुरेसे वाटते. एकच लक्षात ठेवावे: ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेयरमध्ये चालत नाही. ती कपाटासाठी, पाहुण्यांसमोर लावण्यासाठी नाही.

सॉफ्टवेअरमध्येही तोच गोंधळ आहे, कारण दोन कामांना लोक एकच नाव देतात. एक काम व्हिडिओचे डीव्हीडीच्या नियमांत रूपांतर करून मेनू आणि चॅप्टर बनवण्याचे, त्याला ऑथरिंग म्हणतात. दुसरे काम तयार फाइली डिस्कवर लिहिण्याचे. डीव्हीडीस्टायलर पहिले काम चांगले करते, मोफत आहे, आणि बिटरेट आपल्या हाताने ठरवू देते. इम्गबर्न फक्त दुसरे काम करते, पण ते मी पाहिलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा नेमकेपणाने करते. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे आणि ती आजही पुरते. उतरवून घेताना सोबत येणारे नको ते प्रोग्रॅम मात्र नाकारावेत. लिनक्सवर के३बी आणि ब्रासेरो आहेत. विकत घ्यायचे असेल तर विंडोजसाठी निरो, मॅकसाठी टोस्ट. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर होता, आठपासून काढून टाकला. ॲपलच्या नव्या संगणकांवर आयडीव्हीडी २०११ पासून मिळेनासे झाले. त्यामुळे ‘संगणकात असेलच काहीतरी’ हे आता खरे नाही. हँडब्रेक फार चांगले आहे, पण ते एमपी४ आणि एमकेव्ही फाइली बनवते, डीव्हीडी बनवत नाही. त्यावर डीव्हीडीचे बटण शोधत बसलेले लोक माझ्याकडे येतात.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्कवर बसेल एवढे करा’ असे बटण असते, तिथे सावध राहावे. ते बटण तीन तासही बसवून देते आणि चित्राचे काय झाले ते सांगत नाही. आजोबांच्या डिस्कचे बहुधा असेच झाले असावे. बिटरेटचा आकडा ज्यात दिसत नाही ते सॉफ्टवेअर मी वापरत नाही, मग त्याचे मेनू कितीही देखणे असोत.

लिहिण्याआधी थेट डिस्कवर न जाता आयएसओ इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची मिळून एकच फाइल, बनवावी, ती व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटपर्यंत पाहावी, आवाज आणि ओठ जुळतात का ते शेवटच्या दहा मिनिटांत तपासावे, कारण फरक हळूहळू वाढत जातो आणि सुरुवातीला कळत नाही. १६ पट वेगाने लिहिता येणाऱ्या डिस्कवर मी ८ पट वेगाने लिहिते. सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला, ही समजूत जुन्या डिस्कच्या काळातली. नव्या डिस्क मधल्या वेगांसाठी बनवलेल्या आहेत आणि फार सावकाश लिहिल्या तर उलट जास्त चुका येऊ शकतात. लिहून झाल्यावर पडताळणीची खूण केलेली असावी, तिला लागणारा वेळ वाचवू नये. मग तीच डिस्क दुसऱ्या एखाद्या यंत्रात लावावी. लिहिणाऱ्या राइटरला स्वतःचे अक्षर नेहमीच लागते.

फायनलाइज करणे, म्हणजे लिहून झाल्यावर इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून डिस्क शेवटची बंद करणे, हेही असेच विसरले जाते. माझ्या भाच्याच्या लहानपणीच्या डिस्क ८ सेंटिमीटरच्या आहेत, १.४ जीबीच्या, ज्या कॅमेऱ्यातच लिहिल्या जात. त्या संगणकात घातल्या की कोऱ्या दिसत. घरच्यांनी त्या पुसल्या गेल्या असे धरून बाजूला ठेवल्या होत्या. माहिती सगळी जागेवर होती, फक्त कॅमेऱ्यात फायनलाइज केलेले नव्हते. जुना कॅमेरा शोधला, त्याला जुळणारा चार्जर मिळवला, मेनूतून फायनलाइज केले आणि भाच्याची पहिली पावले पुन्हा दिसली. ज्यांच्याकडे अशा छोट्या डिस्क आहेत त्यांनी तो कॅमेरा कृपा करून भंगारात देऊ नये. आणि डिस्क आत ओढून घेणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये या छोट्या डिस्क घालू नयेत, त्या आत अडकतात.

साठवण्याबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये काढलेली मार्गदर्शिका आम्ही विभागात पाळत असू आणि तिच्यातले सांगणे आजही तितकेच खरे आहे. डिस्क उभी ठेवावी, कडक डबीत, अंधारात, थंड आणि कोरड्या जागी. तिच्यावर चिकटपट्टीचे लेबल लावू नये: ते काही वर्षांत सुटू लागते, डिस्कचा तोल जातो, गोंदाचा परिणाम आत झिरपतो. लिहायचे ते पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ पेनने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. सीडीची वरची, लेबलाची बाजू खालच्या बाजूपेक्षा नाजूक असते, कारण माहितीचा थर तिथेच लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, ब्लू-रेमध्ये खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, म्हणूनच तिच्यावर कठीण लेप दिलेला असतो.

मूळ फाइलीच्या तीन प्रती असाव्यात: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, एक हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. डीव्हीडिझास्टर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने दुरुस्तीची जादा माहिती तयार करून ठेवता येते, डिस्कचा काही भाग वाचता येईनासा झाला तर ती कामी येते.

हे सगळे आता घाईने करायला हवे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. पॅनासोनिकने २०२३ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणे बंद केले, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि त्यासोबत मिनीडीव्ही कॅसेटही. डिस्क अजून मिळतात, इतर कंपन्या त्या बनवतात. कॅसेट वाचणारी चालू यंत्रे मात्र रोज कमी होत आहेत. म्हणून डिस्क कोणती यावर महिनाभर विचार करण्याआधी कॅसेट संगणकावर उतरवून घ्याव्यात. मिनीडीव्ही असेल तर कॅमेऱ्यातून फायरवायर या डिजिटल जोडणीने घ्यावी, म्हणजे टेपवर जे आहे तेच जसेच्या तसे येते. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने घेतली तर चित्र एकदा विनाकारण बिघडते.

कॅसेट उतरवून देणाऱ्या व्यावसायिकांना माझी विनंती आहे. डीव्हीडी जरूर द्या, पण मूळ फाइल ग्राहकाने आणलेल्या हार्ड डिस्कवर किंवा ब्लू-रेवर द्या, निदान विचारा. पावतीवर एका डिस्कवर किती मिनिटे आणि कोणत्या बिटरेटने लिहिली ते नोंदवा. ग्राहकाने डिस्क घरी नेऊन पाहिली असे कळवेपर्यंत तुमच्याकडची फाइल पुसू नका. आणि ग्राहकांनो, कॅसेट परत मागून घ्या, बुरशी लागली असली तरी. बुरशी काढता येते, जाणकार माणसे ते काम करतात, आणि पुढे कोणी त्याच कॅसेटमधून आजच्यापेक्षा चांगले चित्र काढूही शकेल. फक्त ती बुरशी लागलेली कॅसेट साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नका, पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(निवृत्त ग्रंथपाल, दृक्‌श्राव्य विभाग)